दुसऱ्या साच्यातला जबडा

प्लास्टर कालवताना पावडर पाण्यात सोडायची. पाणी पावडरीत ओतायचं नाही. मग भांडं टेबलावर तीनदा आपटायचं, म्हणजे बुडबुडे वर येतात. चौथ्यांदा आपटलं तरी काही बिघडत नाही, पण कोणी आपटत नाही.

*

चिंपांझीच्या पिल्लाला एक काचेची पेटी दाखवतात. दाखवणारा आधी पेटीच्या डोक्यावर काठीने टकटक करतो, मग दार उघडून आतला खाऊ काढतो. टकटकीचा काही उपयोग नाही, हे काचेतून स्पष्ट दिसतं. पिल्लू टकटक गाळतं आणि खाऊ काढून मोकळं होतं. माणसाचं चार वर्षांचं मूल आधी टकटक करतं.

*

हनुवटी आपल्या आधीच्या कुणालाच नव्हती. ती कशासाठी आली यावर तज्ज्ञांचं एकमत नाही.

*

"जीभ आत घे." हे वाक्य ताईने धाकट्या भावाला पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि पेन्सिलीला टोक करत होता. परवा पुन्हा म्हटलं. आता तो चौसष्ट वर्षांचा आहे.

*

खालचा जबडा, उजवी बाजू. दाढा तीन. अंदाजे चार लाख वर्षांपूर्वीचा. मूळ हाडावरून.

*

या शेवटच्या तुकड्यातले, म्हणजे जबड्याच्या लेबलवरचे, शेवटचे दोन शब्द खोटे आहेत. गोष्ट त्यांची आहे.

संग्रहालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, साच्यांची खोली आहे. वर काचेमागे जी हाडं दिसतात त्यांतली बहुतेक इथे तयार झालेली: प्लास्टरची, राळेची, तपकिरी रंग चढवलेली. खरी हाडं तिजोरीत असतात, किंवा दुसऱ्या देशात असतात, किंवा नसतातच. हा जबडा तिसऱ्या प्रकारातला. तो ज्या गोदामात ठेवला होता ते एकोणतीस वर्षांपूर्वी जळालं. उरल्या त्या प्रती. सत्तावीस प्रती सत्तावीस संग्रहालयांत, सगळ्या याच खोलीतून गेलेल्या.

खोली मामा सांभाळतो. म्हणजे तो मामा एकाच मुलीचा. पण ही भाची शाळा सुटली की इथे येऊन बसायची आणि "मामा, मामा" करून डोकं उठवायची, तेव्हापासून पहारेकऱ्यापासून संचालकांपर्यंत सगळे त्याला मामाच म्हणतात. त्याच्याहून वयाने मोठे होते ते संचालकसुद्धा म्हणायचे. भाचीचा बाप लवकर गेला. ताई, म्हणजे भाचीची आई, दिवसभर कपड्यांच्या कारखान्यात बाह्या जोडायची. त्यामुळे मुलीला अक्षरांच्या आधी दाढा कळल्या.

आता ती चौतीस वर्षांची आहे. तिने या जबड्यावर प्रबंध लिहिला आहे, सहा वर्षं खपून. गुरुवारी तोंडी परीक्षा. पास झाली की याच संग्रहालयात, दुसऱ्या मजल्यावर, तिच्यासाठी जागा आहे. पण पदवी महिनाअखेरीच्या आत हातात पडायला हवी. नाहीतर यादीतला पुढचा माणूस वाट बघत बसला आहे.

"जबड्याची परीक्षा तोंडीच असणार," असं मामा गेले दोन महिने भेटेल त्याला ऐकवत होता. पहारेकरी प्रत्येक वेळी हसायचा. चांगला माणूस आहे.

*

सोमवार. भाची खाली आली, हातात मोठा कागद.

"मामा, आता तुला दाखवायला हरकत नाही. छापून येईपर्यंत घरच्यांनाही बोलायचं नाही म्हणून गाईड मॅडमनी दम दिला होता."

"मॅडमना म्हणावं, मी घरचा नाही, जिन्याखालचा आहे."

"हे बघ."

कागदावर दोन दाढांमधली फट होती, दरीएवढी मोठी केलेली. फटीच्या आतल्या भिंतीवर एक खाच आणि तिच्या तळाशी शेजारी शेजारी दोन रेषा.

"दात कोरल्याची खाच," ती म्हणाली. "कोरणं नवीन नाही. दातांत काड्या घालायची सवय आपल्याला लाखो वर्षांची आहे. पण ही जिभेकडून आहे, आतून बाहेर, वरून तिरकी खाली. स्वतःच्या हाताने अशी येत नाही. मी सत्तर जणांना काड्या देऊन बघितलं. समोर बसलेल्याने केली तरच येते."

"समोर बसलेल्याने."

"दुसऱ्याने. चार लाख वर्षांपूर्वी एकाने आ केला आणि दुसऱ्याने त्याची दाढ कोरून दिली. हत्यारं सापडतात, विस्तवाची राख सापडते, पण कोण कुणाला जपत होतं हे हाडावर कुठे उमटतं? इथे उमटलंय. विचार कर, समोरच्याच्या हातात टोकदार काडी आणि आपलं तोंड उघडं. केवढा भरवसा लागला असेल." तिने रेषांवर बोट ठेवलं. "आणि या दोन रेषा म्हणजे काडीचं टोक चिरलेलं होतं."

मामा खाचेच्या शेवटाकडे बघत होता. तिथे ती वरच्या बाजूला किंचित वळली होती, आकडीसारखी.

"फोटो छान आलाय," तो म्हणाला.

"एवढंच?"

"चहा घेणार?"

"सहा वर्षं काम केलं आणि चहा घेणार," ती म्हणाली, पण हसत. आणि गेली, कारण तिला छपाईवाल्याकडे जायचं होतं.

मामाने खणातून एक आकडी काढली. पोलादी, बारीक, दाताच्या डॉक्टरकडे असते तसली. भिंग घेऊन टोक बघितलं. टोकावर खोक होती, म्हणून ते एकाचं दोन झालं होतं. ती खोक पहिल्यापासूनच होती. ही आकडी त्याला उस्तादांनी दिली होती. उस्ताद म्हणजे या खोलीचे आधीचे मालक. त्यांना पगार संग्रहालय द्यायचं, तरी मालक तेच.

मामा ते विसरला नव्हता. एवढ्या वर्षांत ती गोष्ट फक्त बारीक होत गेली होती, आणि साध्या डोळ्यांना ती दिसतही नव्हती. भाचीने ती चारशे पटीने मोठी करून आणली.

*

शेल्फ, डावीकडून उजवीकडे. पहिला दोन पायांवर चालायचा पण मेंदू मोठ्या संत्र्याएवढा, आणि जबडा असा की काहीही चावेल, पुढच्याने दगडावर दगड मारून धार काढली, त्याच्या पुढच्याने विस्तव सांभाळला, मऊ खायला लागला, आणि हजारो पिढ्यांनी दाढा लहान झाल्या, मग हा, आपला, चार लाखवाला, कपाळ तिरकं, हनुवटी गायब, मग थोडी रिकामी जागा, कारण तिथला दात कुणीतरी उसना नेला तो आलाच नाही, मग आपण. प्रत्येक जण आधीच्याची नक्कल, जराशी चुकलेली. चुका झाल्या नसत्या तर आपण अजून पहिल्यासारखेच असतो, असं भाची म्हणते. मामाला हे वाक्य फार आवडायचं. सोमवारी संध्याकाळी खोलीला कुलूप लावताना त्याला ते आवडलं नाही.

*

प्रत पहिली. मंगळवार संध्याकाळ, ताईचं घर.

ताई निवृत्त झाली तरी तिचं मशीन सुटलं नव्हतं. भाचीच्या गुरुवारच्या कोटाची बाही आत घेत होती.

"ताई, त्या जबड्यावर एक ओरखडा आहे."

"कुणाच्या?"

"तिच्या."

मशीन थांबलं. "तिच्या जबड्यावर?"

"तिच्या अभ्यासातल्या. तो माझ्यामुळे आहे. साफ करताना हात घसरला होता."

"कधी?"

"एक्केचाळीस वर्षं झाली."

"मग आज कशाला उमाळा आला?"

त्याने सांगितलं. खाच, दुसऱ्याचा हात, सत्तर जण, काड्या. ताईला समजायला वेळ लागला नाही. अर्धा सेंटिमीटर चुकला तर बाही कशी बसते हे तिला आयुष्यभर ठाऊक होतं.

"बोलू नकोस," ती म्हणाली.

"ताई..."

"गुरुवार होऊ दे. जागा हातात पडू दे. मग गळ्यात पाटी अडकवून फिर हवं तर. एक्केचाळीस वर्षं मूग गिळून बसलास ना? आणखी महिनाभर बसलास तर पोट फुगणार नाही तुझं."

"तिने त्यावर सगळं उभं केलंय."

"म्हणूनच सांगतेय. कुण्या मेलेल्याची दाढ कुणी कोरून दिली का नाही दिली, त्याने कुणाचं अडलंय आज?"

"कधीतरी कुणीतरी ताडून बघेल."

"कोण बघतंय? तुझ्या त्या खोलीत काय आहे ते देवालासुद्धा माहीत नाही. त्याला यायला जिना वाकून उतरावा लागेल."

तो हसला. तीही हसली असती, पण हसली नाही. कोट उलटा करून तिने दोरा तोडला.

"बत्तीस वर्षं बाह्या जोडल्या मी तिच्यासाठी," ती हळू म्हणाली. "दुसऱ्या मजल्यावर तिची खोली असेल, खिडकीवाली. मला ती खिडकी खालून बघायची आहे, रस्त्यावरून. एवढंच."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणून तर तुला सांगतेय."

त्याने ताईला ओरखड्याचं सांगितलं होतं. त्यानंतर काय केलं, ते सांगितलं नव्हतं. आणि रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की आपण तिच्याकडे सल्ला मागायला आलोच नव्हतो. "बोलू नकोस" असं कुणीतरी म्हणावं, म्हणून आलो होतो. ते ऐकूनही हलकं वाटलं नाही.

*

प्रत दुसरी. बुधवार सकाळ, भाचीची प्रयोगशाळा.

तो आकडी रुमालात गुंडाळून घेऊन गेला. सोबत प्लास्टरचा एक साधा तुकडा.

"मामा, आज नको. अजून दोन पानं पाठ करायची आहेत."

"पाठ करू नकोस."

असं म्हणून त्याने सांगून टाकलं. रबराचा पहिला साचा उस्तादांनी मूळ हाडावरून घेतला होता. तो साचा फाटला. दुसरा करायचा, तर मूळ हाड परत गेलेलं. म्हणून एका प्रतीवरून केला. त्या प्रतीत दोन दाढांच्या मध्ये बुडबुड्याचा मणी राहिला होता, मोहरीएवढा. तो काढायचं काम त्याचं. आकडी आतून घातली, मणी निघाला आणि हात घसरला. उस्ताद पलीकडच्या टेबलावर होते. त्यांना हाक मारली असती तर त्यांनी ती प्रत फेकून दुसरी घेतली असती.

"हाक मारली नाही. ओल्या ब्रशने तो ओरखडा घासला, कडा मारल्या, अगदी झिजल्यासारखा केला. हाडावरचाच वाटावा असा. मग त्यावरून साचा घेतला."

ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर अजून काळजी होती ती त्याची. "तू दमलायस. तुझा दुसरा एखादा ओरखडा असेल. मी चार ठिकाणच्या प्रती तपासल्यात, चार वेगळ्या संग्रहालयांतल्या. चारही ठिकाणी खाच तीच आहे. एखाद्या प्रतीतला दोष असता तर..."

"चारही माझ्याच."

"लेबलवर 'मूळ हाडावरून' लिहिलंय."

"ते उस्तादांचं लेबल. पहिल्या साच्याचं. मी त्याच्यावरून उतरवत राहिलो."

"सत्तावीस वेळा?"

"अक्षर फार सुंदर होतं त्यांचं."

मामाने प्लास्टरचा तुकडा टेबलावर ठेवला, आकडी घेतली, जिभेच्या बाजूने यावी तशी तिरकी ओढली आणि शेवटी मनगट वळवलं. एवढ्या वर्षांनीही मनगट तसंच वळलं. तिने तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बराच वेळ ठेवला. शेजारच्या पडद्यावर तिच्या प्रबंधातलं चित्र होतं. दोन रेषा, दोन रेषा. त्यांच्यातलं अंतर मोजायची गरज नव्हती तरी तिने मोजलं.

मग ती खुर्चीत मागे टेकली.

"दुसऱ्या माणसाच्या हाताने झाली, हे तरी बरोबर निघालं," ती म्हणाली. आणि हसू आलं तिला, एकदाच, आणि त्या हसण्याचं पुढे भलतंच काही झालं. मामाने तोंड फिरवून खिडकीकडे बघितलं.

"लहान असताना का नाही सांगितलंस? शंभरदा तरी हातात दिला असशील तो जबडा माझ्या."

"तेव्हा तो नुसता ओरखडा होता."

"तू बोलला नसतास तर कुणालाही कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"आईला सांगितलंस?"

"तिने गप्प बस म्हणून सांगितलं."

"मग का नाही बसलास?"

मामाने आकडी रुमालात गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"मी उस्तादांवरून उतरवलं," तो म्हणाला. "तू माझ्यावरून उतरवलंस. उद्या तुझी मुलं तुझ्यावरून उतरवतील. विद्यार्थी म्हणतोय मी."

"कळलं मला."

"त्यांना कुठे थांबायचं ते कळणार नाही."

*

प्रत तिसरी. बुधवार दुपार. भाचीने टाइप केली, मामाने सही केली.

"मी या संग्रहालयात एक्केचाळीस वर्षं साच्यांचं काम करत आहे. सदर जबड्याच्या सर्व ज्ञात प्रती दुसऱ्या साच्यातल्या असून तो साचा मूळ हाडावरून घेतलेला नाही. दुसऱ्या व तिसऱ्या दाढेमधली जिभेकडची खाच माझ्या हत्याराची आहे. ती झाल्यावर मी ती लपवली. त्या जागी मूळ हाडावर काय होतं हे मला माहीत नाही."

"'लपवली' काढू का?" भाचीने विचारलं होतं. "'दुरुस्त केली' म्हणता येईल."

"राहू दे."

"नाव घालावं लागेल तुझं. पूर्ण. सगळीकडे जाईल हे, सत्तावीस ठिकाणी."

"तिथे मला कोण ओळखतं," मामा म्हणाला. मग जरा थांबून, "आता ओळखतील."

एक्केचाळीस वर्षांत त्याचं नाव कुठल्याही पेटीवर लागलं नव्हतं. प्रती करणाऱ्याचं लावत नाहीत.

*

गुरुवार. दुसऱ्या मजल्यावरचा व्हरांडा, लाकडी बाक. आत तीन परीक्षक, मॅडम आणि भाची. ताई बाकाच्या एका टोकाला, मामा दुसऱ्या टोकाला. मध्ये ताईची पिशवी.

"मी तुझ्याशी बोलत नाहीये," ताई म्हणाली.

"बरं."

"कॉलर नीट कर. आत बोलावलं तर?"

बोलावलं. बाहेरगावचे परीक्षक वयस्कर होते, निवेदनाचा कागद त्यांच्या पुढ्यात होता आणि त्यांनी तो इतक्यांदा वाचला होता की घडीवर मऊ पडला होता. त्यांनी मामाला बसायला सांगितलं. मामा उभाच राहिला.

"मी हा जबडा वीस वर्षं शिकवतोय," ते म्हणाले. "प्रत आहे माझ्याकडे. ती खाच माझ्या कधी लक्षातही आली नाही. हिच्या आली."

"हिची नजर लहानपणापासून तशी आहे, साहेब."

"हे सांगितल्यावर हिचं काय होईल याची कल्पना होती तुम्हाला?"

"होती."

"आणि हिने काल संध्याकाळी हे स्वतः आमच्याकडे आणून दिलं. आज सुरुवातच तिथून केली. माझं पाचवं प्रकरण चुकलं आहे, म्हणाली, आणि कसं चुकलं ते चाळीस मिनिटं समजावलं." त्यांनी चष्मा काढला. "बाकीची चार प्रकरणंही एवढी नीट समजावली नाहीत."

मॅडम खाली बघत होत्या. भाची मामाकडे बघत नव्हती. तिच्या कोटाची बाही अगदी नेमकी बसली होती.

"त्या फटीत मुळात काय असेल, तुम्हाला काय वाटतं?" परीक्षकांनी विचारलं. "एवढी वर्षं हाताळलंय तुम्ही."

मामाने खरंच विचार केला.

"मी कधी मूळ बघितलंच नाही, साहेब," तो म्हणाला. "मी आलो तेव्हा प्रतच होती."

*

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. ताई उठली, तिचा चेहरा बघून परत बसली.

"सहा महिने," भाची म्हणाली. "पाचवं प्रकरण काढून नवीन लिहायचं. प्रतींवरच लिही म्हणतायत. कुठली प्रत कुठून आली, चूक कुठे शिरली, कशी पसरली. हाडांच्या बाबतीत असं कुणी केलेलं नाही म्हणे."

"आणि जागा?" ताईने विचारलं.

"गेली."

ताईने पिशवी उचलून मांडीवर घेतली. मध्ये जागा झाली. भाची तिथे बसली. तिघं समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर आग विझवायची लाल बाटली होती आणि ती शेवटची कधी तपासली त्याचा कागद.

"मी चिडलेय तुझ्यावर," भाची म्हणाली.

"चीड," मामा म्हणाला.

"बरेच दिवस चिडणार आहे."

"मी कुठे जातोय."

"पण प्रतींची यादी लागेल मला. तारखांसकट. कुणाला कधी पाठवली, कुणाच्या सांगण्यावरून. आणि उस्तादांनी पहिल्या साच्यातून किती काढल्या, त्यातली एखादी कुठे उरली असेल का, ते. सोमवारी नऊला येते खाली."

"साडेनऊला ये. नऊला पहारेकरी गप्पा मारतो."

"नऊला," भाची म्हणाली.

ताई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने भाचीच्या बाहीवरचा दोऱ्याचा तुकडा चिमटीत धरून काढला आणि टाकायला जागा दिसेना म्हणून मुठीत ठेवला.

"काही खाल्लंयस का सकाळपासून?" तिने विचारलं.

"नाही."

"तू?" तिने भावाला विचारलं.

"नाही."

"मग उठा दोघं."

*

मणी काढताना हात घसरला त्या दिवशी मामाला नोकरीला लागून अकरा दिवस झाले होते.